ओरिशांना नकार, योरूबापणाचा अभिमान

नैऋत्य नायजेरियातील सुशिक्षित योरूबा ख्रिस्ती कुटुंबांत आपल्या भाषेचा आणि परंपरेचा अभिमान उघडपणे मिरवला जातो. लग्नात आसो-ओके या हातमागावरच्या जाड कापडाचे पोशाख असतात, वराकडचे तरुण वधूच्या वडीलधाऱ्यांसमोर लोटांगण घालतात आणि घराण्याची स्तुतिकाव्ये गाणाऱ्यांवर नोटा उधळल्या जातात. त्याच घरात ओगून, शांगो किंवा ओशून या ओरिशांच्या, म्हणजे पारंपरिक देवतांच्या, पूजेचा विषय निघाला, की सूर बदलतो. ती मूर्तिपूजा, ती सैतानाची उपासना, ते मागासलेपण, असे शब्द सहज तोंडी येतात. परंपरेच्या एका भागाविषयी इतका जिव्हाळा आणि दुसऱ्या भागाविषयी इतकी धास्ती एकाच मनात कशी नांदते, हे समजून घेतले, तर आफ्रिकेतील ख्रिस्ती धर्माच्या प्रभावाविषयी पुष्कळ काही उलगडते.

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर असे, की गोरे मिशनरी आले, त्यांनी स्थानिक देवांना नावे ठेवली आणि सत्तेच्या दबावाखाली लोकांनी ते मुकाट्याने मान्य केले. यात तथ्य आहे, पण योरूबांच्या बाबतीत ते अपुरे ठरते. तिथे ख्रिस्ती धर्म प्रामुख्याने योरूबांनीच नेला, आणि तोही ब्रिटिश सत्ता अंतर्भागात पसरण्याच्या चार-पाच दशके आधी. ओरिशांना कमी लेखायला शिकवणाऱ्या याच मंडळींनी ‘आपण सारे योरूबा’ ही ओळखही घडवली. ही गुंतागुंत हाच या लेखाचा विषय आहे.

आधी जुनी श्रद्धा कशी होती, ते थोडक्यात पाहू. योरूबा विश्वकल्पनेत ओलोदुमारे हा सर्वोच्च आणि सर्वांचा निर्माता आहे, पण त्याची देवळे नाहीत आणि त्याच्यासाठी पुजाऱ्यांचा वर्गही नाही. माणसांचा रोजचा व्यवहार ओरिशांशी असतो. ओगून हा लोखंडाचा आणि युद्धाचा, शांगो विजेचा, ओबाताला मानवी देह घडवणारा, ओशून नदीची आणि अपत्यप्राप्तीची. एशू हा देव आणि माणूस यांच्यातील दूत. तो खट्याळ आहे आणि कसोटी पाहणारा आहे, परंतु ईश्वराचा शत्रू मुळीच नाही. पूर्वज एगुनगुनच्या मुखवट्यांतून वर्षातून एकदा भेटीला येतात. एखादी अडचण आली, तर बाबालावो हा दैवज्ञ इफा या दैवप्रश्नाच्या पद्धतीतील 256 ओदूंपैकी, म्हणजे पद्यसमूहांपैकी, कोणता लागू पडतो ते पाहून त्यातील पद्ये म्हणतो आणि कोणता नैवेद्य द्यावा ते सांगतो. या साऱ्याला ‘धर्म’ म्हणून वेगळे काढण्याची गरज तिथे कोणाला भासली नव्हती. शेती, राज्यकारभार, वैद्यक, नाव ठेवणे आणि देवपूजा यांचे धागे एकमेकांत विणलेले होते.

या विणीत पहिला मोठा खंड पडला तो युद्धांनी. ओयोचे साम्राज्य एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोसळले आणि एग्बा, इजेबू, इजेशा, एकिटी, ओयो अशा गटांत दीर्घकाळ लढाया झाल्या. या लढायांतील कैदी गुलाम म्हणून किनाऱ्यावर विकले जात. 1809 च्या सुमारास ओसोगून येथे जन्मलेला अजायी हा मुलगा 1821 साली असाच पकडला गेला. पुढल्या वर्षी तो ज्या पोर्तुगीज जहाजावर होता ते ब्रिटिश आरमाराने अडवले आणि त्याला सिएरा लिओनमधील फ्रीटाउनला उतरवण्यात आले. 1825 मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो सॅम्युएल अजायी क्राउदर झाला. 1843 मध्ये त्याला पाळकाची दीक्षा मिळाली आणि 1864 मध्ये तो अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप झाला.

फ्रीटाउनमध्ये क्राउदरसारखे हजारो मुक्त गुलाम होते. गावी असताना ते एकमेकांचे शत्रू होते. इथे मात्र त्यांची भाषा जवळची होती, दुःख सारखे होते आणि शाळा व चर्चही एकच होते. मिशनच्या कामासाठी या सर्वांच्या बोलींतून एक लेखी भाषा तयार करण्यात आली आणि पूर्वी मुख्यतः ओयोच्या लोकांसाठी वापरले जाणारे ‘योरूबा’ हे नाव हळूहळू सर्वांना लागू झाले. 1840 च्या दशकात यांतील अनेक जण, ज्यांना पुढे ‘सारो’ म्हणू लागले, मायदेशी परतले. क्राउदर 1846 मध्ये अबेओकुटाला पोहोचला आणि पंचवीस वर्षांपूर्वी ताटातूट झालेली त्याची आई त्याला तिथे भेटली. पुढे तिचाही बाप्तिस्मा झाला. योरूबा बायबलचे काम पूर्ण व्हायला 1884 साल उजाडले, आणि त्या ग्रंथाने लेखी योरूबाला तिचा वळणदार, प्रमाण साचा दिला.

याच सुमारास नाशिकमध्येही एक समांतर गोष्ट घडत होती, आणि मराठी वाचकाला ती माहीत असायला हवी. क्राउदरला पाठवणाऱ्या चर्च मिशनरी सोसायटीचेच नाशिकजवळ शरणपूर येथे केंद्र होते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली मुले मुंबईमार्गे तिथे आणली जात, त्यांना इंग्रजी नावे, शिक्षण आणि एखादा हुन्नर दिला जाई. मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत 1874 मध्ये लंडनला गेलेला जेकब वेनराइट याच नाशिकच्या शाळेतला. पुढल्याच वर्षी मोंबासाजवळ, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने, फ्रिअरटाउन ही वसाहत उभी राहिली आणि नाशिकचे हे ‘बॉम्बे आफ्रिकन’ तिचे शिक्षक, कारागीर आणि धर्मोपदेशक झाले. परंतु ते मूळचे निरनिराळ्या दूरदूरच्या समाजांतले होते. त्यांना ज्या किनाऱ्यावर नेले तिथे त्यांचे गणगोत नव्हते, त्यामुळे भोवतालच्या लोकांपासून ते वेगळेच राहिले. सारो मात्र आपल्याच आईबापांच्या गावांत परतले. ख्रिस्ती शिक्षणातून एका संपूर्ण समाजाची ओळख घडवणे त्यांना जमले, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

ही मंडळी ओरिशांकडे कशा नजरेने पाहत होती? दुहेरी नजरेने. एकीकडे ती कमालीची कठोर होती. बायबलमधील सैतानासाठी एशूचे नाव वापरण्यात आले आणि एका फटक्यात देवांचा दूत देवाचा वैरी ठरला. आजही सामान्य योरूबा ख्रिस्ती माणसाला एशूची दुसरी ओळख नसते. दुसरीकडे, हेच लोक जुन्या परंपरेचे पहिले लेखी नोंदकर्ते होते. ओंडो येथे काम करणारे पाळक ई. एम. लिजाडू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाबालावोंकडून इफाची पद्ये मिळवून ती छापली. ओयोचे पाळक सॅम्युएल जॉन्सन यांनी राजघराण्याच्या भाटांकडून ऐकलेल्या आख्यानांवरून योरूबांचा विस्तृत इतिहास 1897 मध्ये लिहून पूर्ण केला. तो प्रसिद्ध व्हायला 1921 साल उजाडले. इफामध्ये काही सत्य असेल, पण ते ख्रिस्तात पूर्ण होते, अशी लिजाडूंची भूमिका होती. म्हणजे ओरिशांचे ज्ञान जपायचे, पण इतिहास किंवा साहित्य म्हणून. त्यांच्यापुढे गुडघे टेकायचे नाहीत.

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेचे मर्म इथे आहे. जे एकसंध होते त्याचे दोन ढीग करण्यात आले. भाषा, म्हणी, पोशाख, नमस्काराची रीत, राजांच्या वंशावळी हे ‘संस्कृती’च्या ढिगात गेले आणि त्याचा अभिमान बाळगणे योग्य ठरले. नैवेद्य, दैवप्रश्न, मुखवटे, देवघरे हे ‘मूर्तिपूजे’च्या ढिगात गेले आणि त्याची लाज वाटू लागली. रेष कुठे ओढायची, यावर मात्र कधीच एकमत झाले नाही, आणि पुढचे बहुतेक वाद त्या रेषेवरचेच आहेत.

सर्वांत तीव्र वाद बहुपत्नीत्वाचा होता. अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा नाकारायचा, त्याच्या बायकांना मात्र तो देता येईल, असे धोरण अँग्लिकन मिशनने ठरवले आणि जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या 1888 च्या लँबेथ परिषदेनेही तीच दिशा कायम ठेवली. या नियमाने घरे मोडत होती, कारण बाप्तिस्म्यासाठी नवऱ्याने सोडून दिलेल्या स्त्रीने जायचे कुठे, याचे उत्तर चर्चकडे नव्हते. नियम सैल व्हायला बरोबर शंभर वर्षे गेली. 1988 च्या परिषदेने काही अटींवर अशा पुरुषालाही बायकामुलांसह प्रवेश देण्यास मान्यता दिली.

1870 नंतर युरोपातील वातावरण बदलले. आफ्रिकी चर्चने स्वतःचा खर्च, कारभार आणि प्रसार स्वतः करावा, असे मानणारे सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन 1873 मध्ये वारले. त्यानंतरच्या तरुण गोऱ्या मिशनऱ्यांना आफ्रिकी पाळकांच्या हाताखाली काम करणे मानवेना. 1890 मध्ये वृद्ध क्राउदरच्या सहकाऱ्यांवर नैतिक ढिलाईचे आरोप ठेवून अनेकांना काढून टाकले गेले, क्राउदरने मिशनच्या समितीचा राजीनामा दिला आणि 1891 च्या अखेरीस त्याचा मृत्यू झाला. त्याच्या जागी गोरा बिशप आला. लागोसच्या सुशिक्षित ख्रिस्ती समाजाला हा घाव फार लागला. नेटिव्ह बॅप्टिस्ट चर्च त्याआधीच 1888 मध्ये वेगळे झाले होते; आता 1891 मध्ये युनायटेड नेटिव्ह आफ्रिकन चर्च आणि 1901 मध्ये आफ्रिकन चर्च अशी स्वतंत्र चर्चे निघाली. बॅप्टिस्ट नेते डेव्हिड ब्राउन व्हिन्सेंट यांनी 1894 मध्ये आपले नाव बदलून मोजोला आग्बेबी केले आणि इंग्रजी कोटपाटलोण टाकून दिली. मात्र यांपैकी कोणीही ओरिशांकडे परतले नाही. येशू आपला आहे, फक्त त्याच्यासोबत आलेली इंग्रजी माणसे आणि इंग्रजी सवयी आपल्या नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता.

जुन्या पद्धतींवरील टीका सगळीच पूर्वग्रहातून आलेली होती, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. राजांच्या अंत्यविधीत नरबळी देण्याची प्रथा काही भागांत होती आणि तिचे बळी बहुधा गुलाम असत. मुक्त झालेल्या गुलामाला या परंपरेविषयी काय वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको. अबेओकुटात पहिल्या पिढीत ख्रिस्ती झालेल्यांत परके, गुलाम आणि समाजात ज्यांना फारसे स्थान नव्हते अशांचे प्रमाण लक्षणीय होते.

तरीही पहिल्या पन्नास वर्षांत धर्मांतरितांची संख्या थोडीच राहिली. लोंढा आला तो ब्रिटिशांनी अंतर्भाग जिंकल्यावर. इजेबूंनी मिशनऱ्यांना दीर्घकाळ दाराबाहेर ठेवले होते. 1892 च्या लढाईत त्यांचा पराभव झाला आणि त्यानंतर तेथील लोक झपाट्याने ख्रिस्ती आणि मुसलमान होऊ लागले. (योरूबांमध्ये इस्लाम ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून होता आणि आजही त्यांचा फार मोठा हिस्सा मुसलमान आहे, हे विसरून चालणार नाही.) शाळा, कारकुनी, रेल्वे, कोकोचा व्यापार या सर्वांचे दरवाजे अक्षरओळखीने उघडत होते आणि अक्षरओळख मिशनच्या शाळेत मिळत होती.

नोकरीच्या हव्यासाने लोक बाटले, असे यावरून कोणी म्हणेल. नायजेरियात आयुष्य घालवलेले अभ्यासक रॉबिन हॉर्टन यांनी 1971 मध्ये याहून खोल स्पष्टीकरण मांडले. त्यांच्या मते, माणसाचे जग गावापुरते असते तेव्हा गावचे देव आणि पूर्वज त्याला पुरतात, आणि सर्वोच्च ईश्वर पार्श्वभूमीला असतो. व्यापार, प्रवास आणि साम्राज्य यांनी जग रुंदावले, की नदीकाठच्या देवतेची सत्ता जिथे संपते त्याच्या पलीकडे माणूस राहू लागतो आणि सर्वत्र असणारा ईश्वर महत्त्वाचा ठरतो. म्हणजे बदलाची बीजे जुन्या विश्वकल्पनेतच होती, मिशनने त्यांना फक्त वेग दिला. या मांडणीवर पुष्कळ टीका झाली आहे, आणि शाळा व सत्ता यांचे वजन ती कमी धरते हे खरेच आहे. पण आफ्रिकी माणूस स्वतः विचार करून धर्म बदलू शकतो, हे ती गृहीत धरते, आणि म्हणून मला ती अजूनही मोलाची वाटते.

हॉर्टन यांच्यासमोर उदाहरण होते ते अलादुरा, म्हणजे ‘प्रार्थना करणाऱ्यां’च्या, स्वतंत्र ख्रिस्ती चळवळीचे. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत इजेबू-ओडे येथील काही अँग्लिकन मंडळींनी प्रार्थनेचा गट स्थापन केला, कारण गोऱ्यांचे औषध आणि गोऱ्यांचे चर्च दोन्ही निरुपयोगी ठरले होते. 1930 मध्ये इलेशा येथे जोसेफ आयो बाबालोला या सार्वजनिक बांधकाम खात्यात रोडरोलर चालवणाऱ्या तरुणाच्या सभांना प्रचंड गर्दी लोटली आणि लोकांनी आपापले ताईत व मूर्ती आणून जाळल्या. ओरिशांवर मिशनऱ्यांनीही इतका थेट हल्ला केला नव्हता. पण बाबालोला ज्या प्रश्नांना हात घालत होता ते प्रश्न बाबालावोचेच होते: मूल का होत नाही, आजार का हटत नाही, कोणी करणी केली आहे का. इंग्रजी चर्च या प्रश्नांना अंधश्रद्धा म्हणून उडवून लावत असे. अलादुरांनी ते खरे मानले आणि प्रार्थना, उपवास, पवित्र पाणी आणि स्वप्नांचा अर्थ यांतून त्यांची उत्तरे दिली.

पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यावर आणि चमत्कारांवर भर देणाऱ्या पेंटेकोस्टल चर्चांच्या लाटेने हाच धागा पुढे ताणला. रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉड 1952 मध्ये अलादुरा परंपरेतून आलेल्या जोसाया अकिंदायोमी यांनी स्थापन केले आणि 1981 पासून गणिताचे अध्यापक असलेल्या एनोक अडेबोये यांनी ते जगभर पसरवले. अशा चर्चांच्या प्रवचनांत पूर्वजांनी ओरिशांशी केलेले करार आणि त्यातून वंशाला लागलेले शाप हा नेहमीचा विषय असतो. गरिबी, वांझपण, व्यसन यांचे मूळ आजोबांच्या देवघरात शोधले जाते. ओगून किंवा इफा यांच्या नावाने सुरू होणारी आडनावे बदलून त्या जागी ‘ओलू’ (प्रभू) किंवा ‘जेसू’ (येशू) लावणारी कुटुंबे कमी नाहीत. घानातील एवे समाजाचा अभ्यास करणाऱ्या बिर्गिट मेयर यांनी दाखवून दिले आहे, की स्थानिक देवांना सैतानाचे चाकर ठरवले म्हणजे ते नाहीसे होत नाहीत. त्यांचे अस्तित्व उलट पक्के होते. एकोणिसाव्या शतकातला सुशिक्षित सारो ओरिशांना लाकूड-दगड समजत होता. आजच्या पेंटेकोस्टल भक्ताला मात्र त्यांच्या सामर्थ्याविषयी शंका नाही, आणि म्हणूनच त्याला त्यांची भीती वाटते.

विद्वानांनीही आपापल्या परीने रेष सरकवून पाहिली. पुढे नायजेरियातील मेथडिस्ट चर्चचे प्रमुख झालेले बोलाजी इडोवू यांनी 1960 च्या दशकात मांडले, की योरूबा मुळात एकेश्वरवादीच होते आणि ओरिशा हे ओलोदुमारेचे सेवक आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या पिढीला यातून मोठा दिलासा मिळाला. युगांडाचे कवी आणि अभ्यासक ओकोट प’बिटेक यांनी मात्र यावर बोचरी टीका केली. आफ्रिकी देवांना ख्रिस्ती तत्त्वज्ञानाची उसनी वस्त्रे नेसवून मगच त्यांना आदरास पात्र ठरवायचे, ही जुनीच गुलामी आहे, असे त्यांचे म्हणणे. मला ही टीका पटते. ‘आमच्यातही एकच ईश्वर होता’ हा बचाव करताना मोजपट्टी दुसऱ्याचीच राहते.

या दीडशे वर्षांचा प्रवास एकाच घराण्यात पाहायचा, तर अबेओकुटाच्या रॅन्सम-कुटी घराण्याकडे पाहावे. आजोबा जे. जे. रॅन्सम-कुटी हे अँग्लिकन पाळक. त्यांनी योरूबा चालींवर स्तोत्रे रचली आणि 1922 मध्ये लंडनला जाऊन ती ध्वनिमुद्रित केली. मुलगा पाळक आणि नामांकित मुख्याध्यापक झाला. नातू फेला या संगीतकाराने 1970 च्या दशकात नावातील ‘रॅन्सम’ काढून तिथे ‘अनिकुलापो’ घातले, आपल्या क्लबमध्ये ओरिशांची पूजा मांडली आणि चर्चची जाहीर टवाळी केली. 1986 चे नोबेल मिळवणारे वोले शोयिंका हेही याच नात्यागोत्यातले आणि ख्रिस्ती घरात वाढलेले. त्यांनी ओगूनला आपले आराध्य मानले. परतीची ही वाट बहुतांशी अशा सुशिक्षितांनी आणि अटलांटिकपलीकडच्या लोकांनी रुंद केली. ब्राझील आणि क्यूबात गुलामांच्या वंशजांनी ओरिशांना कॅथलिक संतांच्या आडोशाने जपले होते, तर अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात 1970 मध्ये ओयोतुंजी नावाचे गावच त्यांच्या उपासनेसाठी वसवण्यात आले.

नायजेरियातील सरकारी मान्यताही हळूहळू वाढली. ओशोग्बो येथील ओशूनचे पवित्र वन 2005 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. इफाची परंपराही युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आहे. 2023 मध्ये लागोस आणि ओगूनसह काही राज्यांनी ऑगस्टमधील इसेसे दिन, म्हणजे परंपरागत धर्माचा दिवस, सुट्टी म्हणून पाळला. पण युनेस्को आणि पर्यटन खाते यांची मान्यता मिळते ती ‘संस्कृती’ला. ओशूनच्या उत्सवाला जाणारे अनेक जण आपण तिथे परंपरा पाहायला आलो, पूजेला नव्हे, असे सांगतात. सारोंनी ओढलेली रेष इथे पुन्हा कामी येते.

ती जिथे अजिबात चालत नाही, अशी जागा म्हणजे राजा. योरूबा ओबा आज बहुतेक ख्रिस्ती किंवा मुसलमान असतात, पण पदामुळे ते नगरातील सर्व देवतांच्या उत्सवांचे यजमान असतात आणि राज्यारोहणाचे व अंत्यसंस्काराचे विधी परंपरागत मंडळांच्या हाती असतात. राजाचे शव त्याच्या कुटुंबाला पाहू न देता गुप्त विधींनी पुरण्याची रीत अनेक ठिकाणी होती. ओगून राज्याने यावर कायदा केला आणि जानेवारी 2022 मध्ये गव्हर्नरची सही होऊन राजाला स्वतःच्या धर्माप्रमाणे दफन होण्याचा अधिकार मिळाला. इजेबूंचे राजे अवुजाले सिकिरू अडेटोना या कायद्याचे खंदे पुरस्कर्ते होते. जुलै 2025 मध्ये ते वारले तेव्हा सुरक्षा दलांच्या पहाऱ्यात त्यांचे इस्लामी पद्धतीने दफन झाले आणि परंपरागत पुजाऱ्यांनी त्याला जाहीर आक्षेप घेतला. पुजाऱ्यांचा सवाल सरळ होता: ज्याला मुकुट ओरिशांच्या नावाने हवा, त्याला ओरिशांचे अंत्यविधी का नकोत? हा सवाल ख्रिस्ती ओबांनाही तितकाच लागू पडतो, आणि या कायद्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या चर्चांनी अद्याप त्याचे उत्तर दिलेले नाही.